नवा पैसा द्या, जुना सदरा नको

आमच्या बाभुळगावात गुलाबभाऊ दारात दिसले की लोक आधी खिसा धरत. कुठे आग लागो, पूर येवो, हा माणूस डोक्याला रुमाल गुंडाळून वर्गणीला निघे. कोणी आतून कपड्यांचं गाठोडं आणलंच, तर ते उंबऱ्यावरच अडवी. "नवा पैसा द्या, जुना सदरा नको!" नवे पैसे तेव्हा नुकतेच चालू झाले होते, त्यामुळे भाऊंना स्वतःचं हे वाक्य फारच आवडे.

जिनिंगमध्ये कापूस तोलण्यात त्यांचा जन्म गेला होता. बायको वारल्यापासून ते आमच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहत. बोलणं मात्र भरल्या घराला पुरेल एवढं.

एका वैशाखात कळंबच्या वाटेवरचा बंजाऱ्यांचा तांडा जळाला. माणसं, गुरं वाचली, झोपड्या गेल्या. शाळेत सभा भरली. गुलाबभाऊ "रोख! रोख!" करून ओरडत राहिले, पण सभेचे अध्यक्ष असलेल्या वकीलसाहेबांनी "ज्याला जे जमेल ते द्यावं" असं ठरवून टाकलं आणि अख्ख्या गावाने आपापले माळे साफ केले. काच नसलेला कंदील, वकीलसाहेबांचा लोकरीचा कोट, फाटक्या भात्याची पेटी, आणि लुगड्यांचा तर हा ढीग! माझ्या आईनेही भोकं पडलेली मच्छरदाणी दिली.

"गाडीभाड्यातच एका घराच्या लाकडी बल्ल्या आल्या असत्या," बैलगाडीत माझ्या शेजारी बसून भाऊ पुटपुटत होते.

तांड्यावर सोनीबाई नावाची म्हातारी पुढे आली. तिने एक लुगडं बोटांनी चाचपलं.

"कापड बेस हाय, बापू. पर आमच्या बाया घागरा घालतात. लुगडं नेसून चालतीन कशा?"

तेवढ्यात कोणीतरी त्या उन्हात लोकरीचा कोट चढवला आणि सगळा तांडा हसला. गुलाबभाऊ तेवढे हसले नाहीत. ते तिच्यासमोर उकिडवे बसले. आईला हे लोक 'याडी' म्हणतात, तसंच त्यांनी हाक मारली.

"याडी, तुले काय पाह्यजे ते तूच सांग."

"बल्ल्या. बैलाले कासरा. पानी यायच्या आंदी छप्पर झालं पाह्यजे."

भाऊंनी सभेनंतरही दारोदार फिरून जमवलेले पैसे तिच्या हातात ठेवले. बरोबर आलेले वकीलसाहेब तडकले. "अहो, हातात दिले तर उडवतील!"

"उडवू द्या ना! तुमचा कोट तं त्यायले उडवताबी येत नाही."

पुढच्या बाजारात तांड्याने बल्ल्या घेतल्या, दोर घेतले, आणि घागऱ्यांवर लावायला थोडे आरसेही. आरशांची बातमी वकीलसाहेबांनी गावभर केली. "काहून? घर जळालं म्हणून बाईनं नटू नये काय?" भाऊंनी भर चौकात विचारलं. लुगड्यांच्या पुढे गोधड्या झाल्या. पण त्यांचा उपयोग थंडीत. छपरं मात्र पाऊस लागायच्या आत उभी राहिली.

पावसाळा सरता सरता सोनीबाई गावात आली आणि आम्हा दोघांना जेवायला सांगून गेली. आम्ही गेलो. भाकर आणि अंबाडीची भाजी होती. भाऊंनी ती पुन्हा मागून घेतली. परतताना मात्र हा माणूस अर्ध्या वाटेपर्यंत गप्प.

"काय झालं, भाऊ?"

"बुढी सांगाले आलती ना, तवा तिनं इचारलं, 'तुले भाजी कोनती आवडते?'" भाऊ थांबले. "बायको गेल्यापासून तुही माय डबा देते, बाकीचेबी देतात. साऱ्यायचं मन मोठं हाय. जे आलं ते खाल्लं. पन असं कोनी इचारलं नोतं."

"मग अंबाडी सांगितली?"

"मले आठवेच ना रे, मले काय आवडते ते. लय येळ उभी होती बिचारी. मंग अंबाडी म्हनलं." ते पुन्हा चालू लागले. "ते तं माह्या बायकोले आवडे."