नातीच्या भाषेवर हेडमास्तरांनी केलेल्या स्वारीची हकीकत

हकीकत ऐसीजे, राजमान्य राजश्री निवृत्त हेडमास्तरसाहेब, तिसऱ्या मजल्याचे धनी, पेन्शनीचे मानकरी, यांची पाच वर्षांची नात परमुलखी जन्मली आणि परमुलखीच वाढली, आणि तिला त्या मुलखाची भाषा सोडोन दुसरी येत नव्हती, म्हणोन व्हिडिओ कॉलावर आजोबांनी हात हलवावा आणि नातीने हात हलवावा, इतकाच उभय दरबारांचा व्यवहार होता. मग खबर आली की चिरंजीव सुट्टीत लेकीस घेवोन येतात. साहेबांस घोर लागला. आपले रक्त समोर उभे राहील आणि आपण मुखस्तंभासारखे बसू, ऐसे होता कामा नये, म्हणोन त्यांनी परभाषेवर खासा स्वारी करण्याचा मनसुबा बांधिला.

मग मोबाइलात भाषा शिकविणारे ॲप दाखल जाहले. ज्या साहेबांनी हयातभर पोरांस बाकावर उभे केले, त्यांस ते ॲप 'पुन्हा प्रयत्न करा' ऐसे फर्मावू लागले, आणि साहेब निमूट पुन्हा प्रयत्न करू लागले. ॲपातली बाई भरधाव बोले, अक्षर हाती लागेना. तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात कासवाचे चित्र होते ते दाबिले, आणि बाई एकेक शब्द तोडोन, लांबवोन बोलू लागली. साहेब बेहद्द खूश जाहले आणि ते कासव त्यांनी पुन्हा कधी सोडिले नाही. मग पदके मिळाली, रुपेरी दर्जा बहाल जाहला, आणि 'माझ्या काकूची छत्री पिवळी आहे' ऐसी बिकट वाक्ये कबजात आली. कारभारीण आजीबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, पोरीला काकूच नाही. छत्रीचं काय घेऊन बसलात?" साहेबांनी हा हल्ला कानाआड केला.

मग तो दिवस उगवला. नात दारात आली, चिरंजिवांस दुभाषेपणाची सक्त मनाई जाहली, आणि साहेबांनी कडक इस्त्रीचा शर्ट सावरोन स्वागताचे भाषण परभाषेत सुरू केले. शब्द अचूक, व्याकरण चोख. मात्र कासवाची चाल अंगात पुरती भिनली होती, आणि एक शब्द संपोन दुसरा येईतो ऐकणाऱ्याने जांभई उरकोन घ्यावी. नातीने ऐकोन घेतले आणि बापाकडे वळोन काही विचारिले. चिरंजीव हसू दाबिता दाबिता लाल जाहले. हुकूम जाहला, अर्थ सांगा. "बाबा, ती विचारतेय, आजोबांचं चार्जिंग संपत आलंय का?" आजीबाई तोंडावर हात धरोन हसल्या. ऐसी शिकस्त साहेबांनी इन्स्पेक्शनाच्या दिवशीही खाल्ली नव्हती. त्यांस फार लागले. त्यांनी बाल्कनीत माघार घेतली, आणि आता आपल्याच्याने हे व्हायचे नाही, ऐसे मनाशी ठरवोन मोबाइल खिशात टाकिला.

इतक्यात नात एका पायात अडकलेला बूट घेवोन लंगडत बाल्कनीत दाखल जाहली. नाडीस घट्ट गाठ बसली होती. तिने पाय आजोबांच्या मांडीवर ठेविला, आणि आजोबा बोलले तैसेच, एकेक शब्द तोडोन, लांबवोन, आपल्या भाषेत हुकूम सोडिला, "ही... गाठ... सोडव." गाठ हा शब्द ॲपाने कधी शिकविला नव्हता, पण पाय मांडीवर होता आणि बोट गाठीवर होते, मग अर्थ पळोन जाणार तरी कोठे? साहेबांनी नखे लावोन गाठ सोडविली आणि तो शब्द तोंडात घोळविला. नातीने उच्चार सुधारिला, साहेबांनी निमूट सुधारोन घेतला. मग तिने स्वतःच नवी गाठ मारिली आणि सोडविण्याचे फर्मान पुन्हा काढिले, आणि हा खेळ जेवायची हाक येईतो चालला.

संध्याकाळी परमुलखीच राहिलेल्या, तिथल्याच सूनबाईंचा कॉल आला, आणि त्या आपल्या भाषेत सासऱ्यांस भरभर खुशाली पुसू लागल्या. नातीने फोन हिसकावोन आईस ताकीद दिली, तिचा तर्जुमा चिरंजिवांनी केला तो ऐसा: "आई, हळू बोल. आजोबा अजून नवे आहेत." साहेबांस चष्मा काढोन डोळे पुसावे लागले. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. मुलूख फारसा हाती आला नाही, नातीकडोन शब्द एकच मिळाला, परंतु मुलखाची धनीण आजोबांच्या बाजूने उभी राहिली, हे घरच्या सर्वांनी डोळां पाहिले, सबब दप्तरी दाखल केले असे.