काट्यावर न चढलेली मंडळी

सखारामभाऊंच्या भंगाराच्या दुकानात मोडकी सायकल न्या, गंजलेले पत्रे न्या, ते बिनतक्रार काट्यावर टाकतील. पण त्यात एखादा पुतळा निघाला, फार काय, सिंहाच्या तोंडाचा नळ जरी निघाला, तरी भाऊ तो बाजूला काढतात आणि खांद्यावरच्या टॉवेलानं पुसायला लागतात.

"ज्याला त्वांड हाय, त्ये काट्यावर चढत न्हाई," म्हणतात.

मग ती वस्तू दुकानामागच्या त्यांच्या घरात जाते आणि तिथंच राहते.

कान्हे गावच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा मी त्यांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली. पहिल्याच दिवशी कळशीभर पाणी मागायला गेलो, तर दारात लोखंडी माणूस उभा. छाती ट्रकच्या दातेरी चाकाची, हात सायकलच्या चेनचे. मी थबकलो. आतून भाऊ ओरडले, "या गुरुजी, त्याला वलांडून या. गरीब हाय त्यो."

आत तर जत्राच होती. लोणावळ्यात बंगला विकला गेला की नव्या मालकाला सगळ्यात आधी जुन्या मालकाची हौस खुपते. मग सिमेंटच्या पऱ्या, कारंज्यातले मासे, वेल्डिंग करून केलेले घोडे, पाडलेल्या घरांच्या तुळयांवरचे लाकडी मोर, सगळं टेम्पोत बसून भाऊंकडे येतं. प्रत्येकाच्या पाठीवर भाऊ ऑइलपेंटनं लिहून ठेवतात: कुठल्या रस्त्यावरचा, कुठल्या रंगाच्या फाटकाचा बंगला. "कुनी इचारत आलं तर घावलं पायजे," म्हणतात. कुणी कधी विचारत येत नसे.

घर सजवण्याचं त्यांचं एक शास्त्र होतं. नव्या शिल्पाशेजारी नवं ठेवायचं नाही.

"दोन नवी शेजारी बसली की दोगंबी मिजाशीत ऱ्हात्यात," ते मला समजावत. "जुन्याजवळ बसवलं की नव्याला वळण लागतं, आन् जुन्याला करमतं."

म्हणून चकचकीत स्टीलच्या घोड्याजवळ वाळवी लागलेला लाकडी मोर. सुलोचनावहिनींना मात्र हे शास्त्र मान्य नव्हतं. "घरात माणसं दोन आन् त्वांडं साठ," त्या म्हणत. "पुसायची कुनी?" असं म्हणत त्या लोखंडी माणसाच्या हातांवर टॉवेल वाळत घालत.

एकदा भाऊंचं शास्त्र चांगलंच अडचणीत आलं. कुठल्याशा रिसॉर्टमधून पितळेचं एक आधुनिक शिल्प आलं. कमरेएवढं उंच, वेटोळं, वर निमुळतं. डोकं नाही, पाय नाहीत. तीन दिवस भाऊ त्याच्याभोवती फिरत होते. काट्यावर टाकवेना, घरात घेववेना.

पोस्टमन म्हणाला, "फणस आहे."

मला विचारलं. मी शिक्षकाला शोभेल अशा आवाजात म्हणालो, "वारा असावा."

"वाऱ्याला त्वांड आसतं का, गुरुजी?"

शेवटी तांदूळ निवडता निवडता वहिनींनी एकदाच मान वर करून पाहिलं. "बाई हाय ती. पदर डोक्यावरनं फुडं वढलाय, दिसंल कसं त्वांड?"

भाऊंना एवढा आनंद झाला की त्यांनी ते धूड एकट्यानं उचलून घरात नेलं. पुढं चार दिवस कंबर शेकत बसले.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एक बाई रिक्षानं आल्या. सत्तरीच्या, बारीक चणीच्या, हातात काठी. कुमुदताई. पुण्याच्या. स्वतः शिल्पकार. यजमान गेल्यावर लोणावळ्याचा बंगला विकला, तेव्हा त्या आजारी होत्या. बंगल्यामागची त्यांची कामाची शेड रिकामी करणाऱ्यानं सगळंच भंगारात घातलं. त्यात त्यांनी स्वतः घडवलेलं यजमानांचं ब्राँझचं डोकं होतं. वर्षभर त्या एकेक भंगारवाला पालथा घालत होत्या.

"आता वितळलंच असेल," त्या म्हणाल्या. "तरी विचारते."

"फाटक कुठल्या रंगाचं व्हतं?" भाऊंनी विचारलं.

"हिरवं."

भाऊ त्यांना आत घेऊन गेले. खिडकीशी, लाकडी मोराच्या शेजारी ते डोकं होतं. भाऊ त्याला मास्तर म्हणत आणि त्यांनी त्याच्या नाकावर आपला जुना चष्मा चढवला होता.

कुमुदताई बघतच राहिल्या. भाऊ ओशाळले. "डोळं बारीक करून बगतोय, म्हटलं दिसत नसंल बिचाऱ्याला."

बाई हसायला लागल्या. "जन्मभर चष्म्याला नाहीच म्हणाले हो! डोळे बारीक करकरून पेपर वाचायचे." हसता हसता त्या तिथंच खाली बसल्या. वहिनींनी गुळाचा चहा आणून हातात दिला.

चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "भाऊ, हे तुम्ही वितळायला का नाही दिलंत?"

मी चार वर्षं शेजारी राहत होतो. हा साधा प्रश्न मी कधी विचारला नव्हता.

भाऊ टॉवेलाची घडी करत राहिले. मग म्हणाले, "माजी आई गेली तवा मी चार वरसांचा. कामशेतला फोटो काढाया जायाचं ठरलं व्हतं, तर भाताची लावणी निघाली. म्हनली, लावणी झाली की जाऊ. ऱ्हायलं ते ऱ्हायलंच. बाकी समदं ध्यानात हाय. तिचा आवाज हाय, लुगड्याचा वास हाय. त्वांड तेवढं न्हाई. लय आठवून बगितलं. न्हाईच येत."

वहिनी ओट्याकडे वळून भांडी उगीचच इकडची तिकडं करायला लागल्या.

कुमुदताईंनी विचारलं, "त्यांना पाहिलेलं कुणी आहे?"

होतं. टाकव्याला भाऊंची मावशी होती, आईची धाकटी बहीण. वय नव्वदीच्या घरातलं, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं.

पुढच्या रविवारी कुमुदताई शाडूची माती घेऊन आल्या आणि आम्ही टाकव्याला गेलो. मावशी ओसरीवर बसून सांगत होत्या, बाई घडवत होत्या. "कपाळ लहान. न्हाई, येवढं बी न्हाई. व्हट जाड." असे तीन रविवार गेले. भाऊ दर वेळी येत, पण मातीकडे पाठ करून अंगणात उभे राहत.

तिसऱ्या रविवारी मावशींनी दोन्ही हातांनी तो चेहरा चाचपला. नाकावरून, हनुवटीवरून बोटं फिरली. मग मान हलली. "न्हाई गं बाय. ही तिच्यावानी हाय, पर ती न्हवं."

कुमुदताईंचा चेहरा उतरला. मावशी मात्र तिथंच चाचपत राहिल्या. अचानक त्यांनी उजव्या गालावर, ओठाच्या जरा वर, अंगठा घट्ट दाबला. "हितं खळी पडायची. हसली न्हाई तरी पडायची."

अंगणातून भाऊ कधी ओसरीवर आले, कळलं नाही. ते त्या खळगीकडे बघत होते. "व्हय," ते म्हणाले. "व्हय, व्हती."

त्यांना खरंच आठवलं होतं, की आठवलंसं वाटलं, मला सांगता येणार नाही. कुणी विचारलंही नाही. कुमुदताईंनी तो अंगठ्याचा ठसा तसाच ठेवला, त्यावर हात फिरवला नाही.

महिन्याभरानं त्या चेहऱ्याची सिमेंटमधली प्रत घरी आली. एरवी घरात कुठं काय शोभतं याचा निकाल क्षणात लावणारे भाऊ आठ दिवस ती घेऊन फिरत होते. मोराशेजारी ठेवली, उचलली. खिडकीत ठेवली, उचलली. "हितं लोक येत्यात, टकामका बगत्यात," म्हणाले. शेवटी साठ तोंडांना कंटाळलेल्या वहिनींनी स्वतः स्वयंपाकघरातली फळी मोकळी केली, लोणच्याच्या बरण्या खाली उतरवल्या आणि म्हणाल्या, "हितं आना त्यास्नी. चुलीची ऊब ऱ्हाईल."

हल्ली पाहुणे आले की भाऊ त्यांना सगळं घर दाखवतात. कुठला मोर, कुठलं फाटक, कुणाशेजारी कुणाला करमतं. स्वयंपाकघरात मात्र कुणाला नेत नाहीत. आणि सकाळचा चहा, जो ते दुकानात गिऱ्हाइकांबरोबर उभ्याउभ्या प्यायचे, तो आता आत, फळीखाली पाट मांडून, सावकाश बसून पितात.