एक बघणं द्या

एका जंगलात, मुलांनो, एक राजा होता, भरपूर प्रजा होती आणि एकच दुकान होतं. राजा दिवसभर झोपायचा. प्रजा दिवसभर पोटामागे धावायची. त्यामुळे बघण्यासारखं जे काही होतं, ते त्या दुकानातच होतं. म्हणून ही गोष्ट राजाची नाही, दुकानाची आहे. ऐकताना हाताची घडी घालायची गरज नाही. तोंडावर बोट तर मुळीच नको.

दुकान सायाळआत्यांचं. वडाच्या वाटेवर, करवंदाच्या जाळीला टेकून. समोर काचेच्या बरण्या. लिमलेटच्या गोळ्या, चिंचेच्या गोळ्या, श्रीखंडाच्या गोळ्या, आवळ्याची सुपारी, बोरकूट, साखरेत घोळलेली रंगीत बडीशेप. आणि अगदी शेवटच्या बरणीत काहीतरी लाल, चपटं, कडेला साखर चिकटलेलं. त्याचं नाव खुद्द आत्यांनाही ठाऊक नव्हतं.

गोळ्यांना बरण्या होत्या, पण पेपर टांगायला जागा नव्हती. आत्यांनी डोकं चालवलं. रोज पहाटे त्या पाठीवरचे काटे उभे करत आणि एकेका काट्याला एकेक अंक टोचत. मानेवर दैनिक ‘रानवार्ता’, पाठीवर साप्ताहिकं, कमरेवर मासिकं आणि शेपटीकडे गेल्या वर्षीचे दिवाळी अंक.

आता एवढं सगळं एका बाजूने कसं दिसणार? मग गिऱ्हाईक म्हणे, "आत्या, जरा वळता का?"

"थांब रे, एवढी बोरकुटाची पुडी बांधून होऊ दे."

मग थांबावं लागे. थांबलं की भलतंच काहीतरी नजरेला पडे. कोंबडी पाळण्याचा लेख बघायला आलेला कोल्हा ताऱ्यांवरचा लेख वाचत उभा राही. परत गेल्यावर त्या रात्री तो कोंबड्यांऐवजी आभाळाकडे बघे. कोंबड्या आत्यांना फार दुवा देत.

काट्यामुळे प्रत्येक पानाच्या मधोमध भोक पडे. ‘राजकन्येने राजपुत्राला पाहताच’ असं वाक्य सुरू होई आणि पुढे भोक. भोकानंतर थेट ‘आणि ती निघून गेली.’ मधलं ज्याचं त्याने घालायचं. तुडतुडीने त्या भोकात आजवर राजपुत्राला ओवाळलं होतं, चावलं होतं आणि एकदा तर विहिरीत ढकललं होतं.

तुडतुडी म्हणजे खार. नुकतीच नदीपलीकडच्या कॉलेजातून शिकून आलेली. शेपटी झुबकेदार, जीभ त्याहून झणझणीत. कॉलेजातून आल्यापासून तिला सगळं जंगल एकच प्रश्न विचारत होतं. आई विचारे, "आता पुढे काय?" मावशी विचारे, "काही ठरलं का?" शेजारच्या उंबरावरचा धनेश तर ढोलीतून चोच बाहेर काढून विचारे, "काय मग, ठरलं का काही?"

काही ठरलं नव्हतं. आणि साऱ्या जंगलात अशी एकच जागा होती, जिथे काही ठरलेलं नसलं तरी चालायचं. आत्या विचारत, "काय गं?" तुडतुडी म्हणे, "काही नाही, बघतेय." आत्या म्हणत, "बघ." संपलं.

तिच्या मुठीत एक कवडी होती. आंब्याला मोहोर आला तेव्हापासून ती मुठीतच होती. आता कैऱ्या पडायला लागल्या होत्या. ती चिंचेच्या गोळीपाशी थांबे, श्रीखंडाच्या गोळीपाशी घुटमळे, लाल चपट्या वस्तूपाशी श्वास रोखून उभी राही आणि घरी जाई. ही चिकाटी नव्हती, मुलांनो, आणि कंजूषपणाही नव्हता. कवडी एकदा दिली की एक गोळी आपली. पण ती मुठीत आहे तोवर सगळ्या बरण्या आपल्या. हे गणित कॉलेजात शिकवत नाहीत.

त्या जंगलात एक ज्येष्ठ मंडळही होतं. अध्यक्ष कूर्मराव कासव. वय विचारलं की ते म्हणत, "हा वड लावला तेव्हा आम्ही हजर होतो." वड कोणी लावला, असं विचारलं की त्यांना खोकला येई.

कूर्मराव रोज पहाटे दुकानासमोर येत, मान लांब करत आणि आत्यांच्या मानेवरची ‘रानवार्ता’ मथळ्यापासून निधनवार्तेपर्यंत वाचून काढत. तोवर दुपार होई. जाताना बडीशेपेच्या बरणीत हात घालून म्हणत, "जरा चव बघतो." त्यांनी आजवर काही विकत घेतलेलं आत्यांना आठवत नव्हतं. आणि बडीशेपेची चव कूर्मरावांना आठवत नव्हती.

एके दिवशी तुडतुडी त्यांच्या आधी पोचली. ती साप्ताहिकातली गोष्ट वाचण्यात रंगली होती आणि तिची शेपटी ‘रानवार्ते’वर पसरली होती.

"कार्टे, शेपूट आवर. निधनवार्ता झाकली जातेय."

"तुमची नाहीये ना त्यात, अण्णा? मग जरा दम धरा."

कूर्मरावांची मान निम्मी आत गेली. "घ्यायचंय काय तुला?"

"ठरलं नाही."

"मग आलीस कशाला?"

"ठरवायला."

"ठरवून यायचं असतं! तरुणांना रिकामं ठेवलं की असं होतं. हाताला काम पाहिजे, काम!"

"तुम्ही काय घेता हो, अण्णा, रोज?"

"आम्ही घेत नाही. आम्ही लक्ष ठेवतो."

बोरकूट घ्यायला आलेला ससा खुदकन हसला. त्याच्यामागचा गवा हसला. आत्यांना हसायचं नव्हतं, पण त्यांच्या पाठीवरची सगळी साप्ताहिकं फडफडली.

मुलांनो, जंगलात वाघाला हसलेलं एक वेळ चालतं. तो झोपलेला असतो. ज्येष्ठांना हसलेलं चालत नाही. त्याच संध्याकाळी मंडळ वडाखाली जमलं आणि नियम झाला: ‘आधी ठरवा, मग या, घ्या आणि चालू पडा.’ दुकानासमोर कोणी रेंगाळू नये म्हणून बगळोपंतांना नेमलं. एका जागी उभं राहून काहीही न करण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता.

दुसऱ्या दिवशी गवा आला.

"नाव?" बगळोपंतांनी एका पायावरून विचारलं.

"माझं?"

"वस्तूचं!"

"ते... लाल... चपटं..."

"नाव सांगा."

"नाव माहीत असतं तर बघायला कशाला आलो असतो?"

"पुढचा!"

ससा म्हणाला, "काहीतरी आंबट."

"काहीतरी नावाची गोळी नसते. पुढचा!"

तुडतुडीला तर वडाच्या वळणावरच अडवलं. "ठरलं का?" बगळोपंतांनी विचारलं. अगदी आईच्या, मावशीच्या आणि धनेशाच्या आवाजात. ती उलट्या पावली घरी गेली. घरी सगळे तिची वाटच बघत होते. "काय मग," ते म्हणाले, "ठरलं का काही?"

हळूहळू जंगलाला कळलं, की न बघता आठवतं ते फक्त लिमलेट. जो तो लिमलेट मागू लागला. चिंचेच्या गोळ्या एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा झाला. साप्ताहिकं नावाने कोणी मागेना, म्हणून आत्यांनी ती काढून ठेवली. कागद गेले आणि काटे उघडे पडले. इतकी वर्षं कोणाला जाणवलंच नव्हतं, की आत्यांना काटे आहेत. बगळोपंतांनी दोनदा टोचून घेतलं.

मानेवरची ‘रानवार्ता’ मात्र होती. कूर्मराव रोज येत होते. लक्ष ठेवायला.

एका सकाळी तुडतुडी दुकानामागच्या आंब्यावरून खाली बघत होती. आत्या बरण्या पुसत नव्हत्या, गवतात गुंडाळत होत्या. ती सरसर खाली आली.

"आत्या, हे काय?"

"जाते गं बाळे बहिणीकडे, नदीपलीकडे. नुसतं लिमलेट विकायला मी कशाला हवी? त्याला हे बगळोपंतही चालतील."

"रेंगाळू नये!" बगळोपंत ओरडले. "वस्तूचं नाव?"

तुडतुडीच्या अंगावरचे पट्टे फुलले. आत्या गेल्या तर सगळ्या जंगलात तिला उभं राहायला जागा उरणार नव्हती. आणि डोक्यात चांगलं काही येत नाही, असं दिसल्यावर तिने जे होतं तेच सांगून टाकलं.

"आत्या, एक बघणं द्या."

"बघणं ही वस्तू नाही!" बगळोपंत म्हणाले.

"दुकान कोणाचं?" आत्यांनी विचारलं. मग तुडतुडीकडे वळून त्या अगदी दुकानदारी आवाजात म्हणाल्या, "आहे की. ताजं आहे."

"बघण्याचे किती?"

"काही नाही."

"मग दोन द्या."

बगळोपंतांनी पाय बदलला. नियमात बसत होतं. मुलीने ठरवलं होतं, नाव सांगितलं होतं, घेतलंही होतं. चालू पडणं तेवढं राहिलं होतं. पण वस्तू अजून संपली नसेल तर गिऱ्हाइकाला हाकलायचं कसं?

दुपारी ससा आला. "एक बघणं. आंबट बाजूचं." गवा आला. "मला मोठं द्या, मी अंगाने जास्त आहे." कोल्ह्याने तर घरच्यांसाठीही नेलं. आत्यांनी बरण्यांवरचं गवत सोडलं, अंक पुन्हा काट्यांना लावले. बघता बघता ज्याला जे हवंसं झालं, त्याने ते घेतलं. गव्याने लाल चपटं घेतलं. ते काय होतं, ते त्याला खाऊनही कळलं नाही. म्हणून त्याने आणखी एक घेतलं.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण ज्येष्ठ मंडळाला गर्दी दिसली. आणि गर्दी दिसली की मंडळाला आठवतं, की ही कल्पना मुळात आपलीच.

"निरीक्षण!" कूर्मराव वडाखाली म्हणाले. "आम्ही पहिल्यापासून हेच सांगत होतो. आजपासून प्रत्येक तरुणाने रोज सकाळी दुकानासमोर उभं राहून बघायचं. शिस्तीत. डावीकडून उजवीकडे. मार्गदर्शन आम्ही करू."

मार्गदर्शन सुरू झालं. बगळोपंत ओरडत, "पुढची बरणी!" आणि सगळ्यांच्या माना पुढच्या बरणीकडे वळत.

"ही बरणी," कूर्मराव म्हणाले. "बरणी आपल्याला काय शिकवते?"

गवा चोरून शेवटच्या बरणीकडे बघत होता.

"तोंडाला झाकण ठेवायला शिकवते," असं म्हणून त्यांनी तुडतुडीकडे पाहिलं आणि बरणीत हात घालून चव बघितली.

तुडतुडीने नजर साप्ताहिकाकडे वळवली. तिथे तर कहर झाला होता. पानापानांतली भोकं मंडळाने योग्य शब्द चिकटवून बुजवली होती. राजकन्येने राजपुत्राला पाहताच नमस्कार केला. आणि ती निघून गेली.

तुडतुडी ते वाचत राहिली. मग तिने मूठ उघडली. मोहोरापासून मिटलेल्या मुठीतली ती कवडी घामाने चकचकत होती. रांग मोडून ती पुढे गेली.

"आत्या, एक लिमलेट."

"लिमलेट?" आत्यांचा हात बरणीवरच थांबला. "अगं, पण तुला तर..."

"द्या, आत्या."

तिने कवडी ठेवली, गोळी तोंडात टाकली आणि डावीकडे, उजवीकडे, कुठेही न बघता ती तरातरा निघून गेली. गोळी गोड होती. फार काही नव्हती.

मागून ससा आला. "एक लिमलेट." गेला. गवा आला. "एक लिमलेट." गेला. रांगेतले सगळे तरुण एकेक करत आले, मागितलं, घेतलं आणि चालू पडले. मंडळाच्या मूळ नियमाचं त्या जंगलात इतकं चोख पालन कधीच झालं नव्हतं.

"अरे, थांबा!" कूर्मराव मान होती नव्हती तेवढी बाहेर काढून ओरडले. "बघा तरी जरा! काय ही पिढी! काही बघणं नाही, रमणं नाही, नुसतं घेतात आणि चालू पडतात! आमच्या वेळी आम्ही इथे तासन्‌तास उभे राहायचो!"

हे त्यांच्या आयुष्यातलं पहिलं खरं वाक्य होतं. पण ऐकायला कोणी उरलं नव्हतं.

प्रकरण गंभीर होतं. मंडळाने बैठक बोलावली. विषय एकच: तरुणांनी वेळ कसा घालवावा. पहाटे बसले. बसल्यावर आधी कोणी कुठे बसावं यावर चर्चा झाली. मग मागच्या बैठकीत कोण काय म्हणालं होतं यावर वाद झाला. संख्या भरेना, म्हणून दुकानासमोरून बगळोपंतांनाही बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे बसले.

ती बैठक अजून चालू आहे.

दुकानासमोर आता पहाटे कोणी मान लांब करत नाही. बडीशेपेची बरणी काठोकाठ भरलेली असते. पानांवर चिकटवलेले शब्द आत्यांनी नखाने खरवडून काढले. भोकं थोडी मोठी झाली, पण त्याने गोष्टी सुधारल्याच.

तुडतुडी तिथे रोज येते. चिंचेच्या गोळीपाशी थांबते, लाल चपट्या वस्तूपाशी श्वास रोखते. तिच्या मुठीत आता कवडी नाही. मूठ मात्र ती तशीच घट्ट मिटून येते. आत्यांना ते कळतं.

"काय गं?" त्या विचारतात.

"काही नाही. बघतेय."

"बघ. वळू का जरा?"

तात्पर्य: तरुणांच्या हाताला काम द्यावे, असे ज्येष्ठ म्हणतात. तसे करू नये. काम ज्येष्ठांना द्यावे, शक्यतो बैठकीचे. मगच तरुणांना वेळ वाया घालवायला वेळ मिळतो.