पिवळ्या पट्टीचा डॅशबोर्ड

दवाखान्यातून परत येताना आक्कांचे पाय ओले झाले. बाहेर कोरडी कडकडीत थंडी, पिकअपच्या काचा घट्ट बंद, आणि तरी चपलेत कोमट पाणी. वर त्याला गोडसर वास. आक्कांनी आधी पाय वर घेतले आणि मग मुलाकडे संशयाने पाहिलं.

"काय सांडलंस रे?"

"मी गाडी चालवतोय, आक्का. मी काय सांडणार?"

तेवढ्यात समोरची काच आतून धुरकटली. मुलाने ती बाहीने पुसली, आक्कांनी शालीने पुसली, पण पुसावी तितकी ती जास्तच आंधळी होत गेली. दोघांच्या मध्ये अंग चोरून बसलेल्या जावयांनी खाली वाकून त्या पाण्यात बोट बुडवलं, वास घेतला आणि मोठ्या डॉक्टरच्या थाटात सांगितलं, "हीटर कोअर गेला."

"तो आणि काय असतो?"

"डॅशबोर्डच्या आत बारकासा रेडिएटर असतो, आक्का. इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरतं, म्हणून आत ऊब येते. तो फुटलाय."

"मग दुसरा बसवा."

"बसवायला काहीच नाही. पण तो सगळ्यांच्या मागे दडलेला असतो. तिथवर पोचायला अख्खा डॅशबोर्ड काढावा लागतो."

एरवी आक्कांनी पायात गमबूट चढवून हिवाळा काढला असता. लाँड्रीत जन्म गेलेल्या बाईला ओल्या पायांचं काय कौतुक! पण उद्या दुपारी लेक तान्ह्या बाळाला घेऊन दवाखान्यातून सुटणार होती, आणि बाळाने आधी कोणाच्या घरी जायचं यावरून दोन विहिणींत आठवडाभर गोड बोलून भांडण चाललं होतं. विहीणबाईंची गाडी नवी. "आमच्या गाडीत बसलं ना, की अंगातला स्वेटर काढावासा वाटतो हो," असं त्या खाटेपाशी उभ्या राहून, नर्सला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या होत्या. शेवटी लेकीनेच निकाल दिला होता. "आई, तुझ्या पिकअपमध्ये हीटर नीट चालत असेल तर तुझ्याकडे येते. नाहीतर मी त्यांच्या गाडीतून त्यांच्याकडे. बाळाला गारठ्यात नेणार नाही."

आता तो हीटर आक्कांच्या चपलेत होता.

गॅरेजवाल्याने फोनवर पुढच्या आठवड्याचा वायदा केला. आक्कांनी फोन आपटला. "घरीच करू. आपल्या यंत्रांना आजवर कोणी परक्याने हात लावलाय का?"

"मी करतो," जावई म्हणाले. "मी व्हिडिओ पाहिलाय. त्यातला माणूस चहा गार व्हायच्या आत डॅशबोर्ड काढतो."

पिकअप लाँड्रीच्या शेडमध्ये, इस्त्रीच्या टेबलाशेजारी उभी राहिली. मुलाने बाजारातून नवा कोअर आणला. जावयांनी बाह्या सरसावल्या, मुलाने टॉर्च धरला. आता आक्कांची एक मोठी पंचाईत होती. जावयाला रागवायचं नाही, हा त्यांनी लग्नातच स्वतःला घालून घेतलेला दंडक. त्यामुळे जावयांच्या हातून जे काही तुटायचं त्याबद्दल मुलाची खरडपट्टी निघायची.

कटकन आवाज झाला. प्लॅस्टिकची एक पट्टी दोन झाली.

"अरे गाढवा, टॉर्च नीट धर!" आक्का कडाडल्या. "अंधारात तुटणार नाहीतर काय!"

"आक्का, ती त्यांनी ओढून..."

"उलट बोलू नकोस! तुमचं चालू द्या हं, जावईबापू. छान निघतंय."

छान म्हणजे इतकं छान निघत होतं की तासाभरात शेडच्या फरशीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. सामानाचा कप्पा, हवेच्या जाळ्या, स्पीडचा काटा, झाकणं, नळ्या, आणि स्क्रू तर मोजायची सोय नाही. ते पाहून आक्कांना राहवेना. त्यांच्या लाँड्रीत साधा हातरुमालसुद्धा नंबराच्या पट्टीशिवाय पडत नसे. खूण नसलेली वस्तू ही हरवलेलीच समजायची, असा तिथला कायदा.

"सूनबाई, पट्ट्या आण. जे निघेल त्याला नंबर लाव. निघालं त्याच्या उलट्या क्रमाने बसवलं की झालं."

जावई कौतुकाने बघतच राहिले. "आक्का, हे तर गॅरेजवाल्यांनाही सुचत नाही!"

आक्का वरवर म्हणाल्या, "त्यात काय एवढं," पण मानेचा ताठा बोटभर वाढला.

सूनबाई रिकाम्या हाताने परत आली. "आक्का, पांढऱ्या पट्ट्या संपल्यात. फक्त पिवळ्या उरल्यात. त्या हॉटेलच्या."

"मग लाव पिवळ्या. हॉटेलचा माल उद्याच जायचाय ना? तोवर आपली गाडी उभी राहिलेली असेल."

पट्ट्या लागल्या. नुसत्या पट्ट्या लावून आक्कांचं समाधान होईना. ओरखडे पडतील म्हणून त्यांनी प्रत्येक भाग ओल्या फडक्याने पुसला, जुन्या धुतलेल्या चादरींच्या तुकड्यांत गुंडाळला, कडा दुमडल्या, वरून टाचणी मारली. त्या झपाट्यात नव्या कोअरचंही सुबक पार्सल झालं आणि त्याला सात नंबर मिळाला. मग त्या समाधानाने आतल्या खोलीत बाळाची गादी घालायला गेल्या.

इकडे मुलाने, गाडी बंद आहे हे ध्यानात घेऊन, हॉटेलला फोन केला होता की आज तुमचा माल तुम्हीच घेऊन जा. शहाणपणाची गोष्ट केली, असं त्याला वाटत होतं, आणि ती शहाणपणाचीच होती. संध्याकाळी हॉटेलचा माणूस दारात आला तेव्हा मुलगा आणि जावई डॅशबोर्डच्या भगदाडात डोकी घालून जुन्या कोअरशी झटत होते. सूनबाईने आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं, "आक्का, हॉटेलवाला आलाय. काय काय देऊ?"

"पिवळं सगळं त्यांचं!" गादीचा कोपरा ओढता ओढता आक्का ओरडल्या. "एकही नग मागे ठेवू नकोस. मागच्या वेळी तक्रार आली होती!"

सूनबाई घटकाभर घुटमळली. पण या घरात आक्कांना दुसऱ्यांदा विचारायची पद्धत नव्हती. तिने पिवळं सगळं दिलं.

थोड्या वेळाने जुना कोअर सुटला आणि सुटताना जावयांच्या तोंडावर उरलंसुरलं हिरवं पाणी ओकला. डोळे मिटूनच त्यांनी हात पुढे केला. "नवा द्या."

मुलाने टॉर्च फिरवला. शेड अशी लखलखीत रिकामी होती की बघून कोणालाही बरं वाटावं.

मग आरडाओरडा झाला. मुलगा सुनेवर, सून मुलावर, आक्का दोघांवर. "मी काय म्हटलं होतं? पिवळं म्हणजे *त्यांचं* पिवळं! आपलं पिवळं कोण दे म्हणालं?" एवढ्यात हॉटेलच्या मॅनेजरचाच फोन आला. पट्टीवरचा नंबर म्हणजे खोलीचा नंबर, हा तिथला रिवाज. नोकरांनी नंबर पाहून पार्सलं खोल्याखोल्यांत पोचवली होती.

"बाई," मॅनेजर दबक्या आवाजात म्हणाला, "बाराव्या खोलीतल्या बाईंनी ब्लाउज दिला होता. त्यांना जाळी आलीय."

आता हॉटेल गाठायचं कसं? पिकअपला स्टिअरिंगचा नुसता दांडा राहिला होता. शेवटी आक्कांनी जन्मात करायचा नाही म्हणून ठरवलेला फोन केला.

"विहीणबाई, जरा हॉटेलपर्यंत सोडाल का? आमचे थोडे कपडे चुकून तिकडे गेलेत."

"अय्या, आणि तुमची पिकअप?"

"धुतेय," आक्का म्हणाल्या.

विहीणबाई स्वतः गाडी चालवत आल्या. आक्का पुढच्या सीटवर पाठ न टेकता, परीक्षेला बसल्यासारख्या बसल्या. सीट खरंच कोमट होती. ते त्यांना अजिबात आवडलं नाही.

हॉटेलात वरात निघाल्यासारखी सगळी पाहुणेमंडळी जिन्यात जमली होती. एकाने सामानाच्या कप्प्यात सफरचंदं मांडली होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी स्पीडचा काटा भिंतीला टांगला होता आणि हे घड्याळ आल्यापासून शून्यावरच आहे, अशी त्यांची रीतसर तक्रार होती. बाराव्या खोलीतल्या बाई जाळी परत देताना म्हणाल्या, "वस्तू माझी नाही, पण घडी काय सुरेख घातलीय हो!"

विहीणबाई एकेक वस्तू हातात घेऊन बघत होत्या. "हे कपडे आहेत होय?"

आक्का ऐकू न आल्यासारखं करून मॅनेजरकडे वळल्या. "सात नंबर कुठंय?"

"सात नंबरचे पाहुणे मघाशीच विमानतळावर गेले. पार्सल उघडलंच नाही त्यांनी, तसंच बॅगेत टाकलं. म्हणाले, या लाँड्रीचं काम बघावं लागत नाही."

उभ्या आयुष्यात आक्कांच्या कामाची इतकी तारीफ कोणी केली नव्हती, आणि इतका घातही.

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर डॅशबोर्ड खडखडत होता. आक्कांच्या डोळ्यांपुढे बाळाची गादी आली, तिच्यावरचं दुपटं आलं, आणि ताठ मानेने बसायचं बळच सरलं. पहिल्यांदाच त्यांनी सीटवर अंग टाकलं.

गुडूक्.

आक्का दचकल्या. पुन्हा टेकल्या. पुन्हा गुडूक्. त्यांनी सीटच्या कव्हरखाली हात घातला आणि एक रबरी पिशवी बाहेर ओढली. शेक घ्यायची, गरम पाण्याची.

विहीणबाईंनी गाडी कडेला घेतली. काचेवर आतून धुकं चढू लागलं.

"गेल्या हिवाळ्यात हीटर जरा आवाज करायचा," विहीणबाई हळूच म्हणाल्या. "तुमचे जावई म्हणाले, आई, मी बघतो."

"मग?"

"आता आवाज करत नाही." त्यांनी हीटरचं बटण फिरवून दाखवलं. "काहीच करत नाही."

आक्कांना हसू फुटलं, पण ते त्यांनी खोकल्यात लपवलं. "सांगितलं नाहीत त्यांना?"

"कसं सांगू? पोटचा मुलगा. रोज विचारतो, आई, हीटर कसा चालतोय? मी म्हणते, मस्त."

"अहो, माझे तर जावई. मी आज दिवसभर टॉर्चला शिव्या देतेय!"

गाडी पुन्हा सुरू व्हायच्या आधी दोघींचा तह झाला. गाडी विहीणबाईंची, बाळ आक्कांच्या घरी. विहीणबाईही आठ दिवस मुक्कामाला तिथेच. मात्र हीटरबद्दल कोणी तोंड उघडायचं नाही, आणि उघडलंच तर तारीफ करायला.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीच्या बॉयलरवर आक्कांनी स्वतः पिशव्या भरल्या, त्यांना टॉवेलची कव्हरं शिवली आणि सगळ्या सीटच्या आत अशा बसवल्या की मेकॅनिकलाही सापडू नयेत. दवाखान्याच्या दारात लेक बाळाला छातीशी धरून उभी होती.

"आई, पिकअप कुठंय? हीटर चालतोय ना?"

आक्कांनी एकदा विहीणबाईंकडे पाहिलं आणि तो कडू घोट गिळला. "पिकअप कशाला? विहीणबाईंच्या गाडीसारखी ऊब माझ्या गाडीला सात जन्मांत यायची नाही. बैस आत."

लेक बघतच राहिली. आई आजारी तर नाही ना, असंही तिला वाटून गेलं. पण आत बसल्यावर तिने सीटवर हात फिरवला. "अगं बाई, खरंच किती छान गरम आहे!"

स्टिअरिंगवर बसलेल्या जावयांची छाती फुगली. "मीच केलाय हा हीटर. पाणी खळखळल्याचा बारीक आवाज येतोय ना? कोअर भरलेला असल्याची खूण आहे ती."

मागे बाळाच्या दोन बाजूंना बसलेल्या दोन्ही आज्या आपापल्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

"आक्का," जावई आरशातून म्हणाले, "तुमच्या लाँड्रीचं मोठं मशीनही हल्ली आवाज करतं. आज मोकळाच आहे, बघून टाकतो."

"नको!"

लग्न ठरल्यापासून पहिल्यांदाच दोन्ही विहिणी एका सुरात बोलल्या. इतक्या मोठ्याने, की बाळ जागं झालं.