गायकवाड काकांची लाल शाई

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पहाटे साडेपाचला एक साठी उलटलेले गृहस्थ पार्किंगमध्ये बादलीभर पाणी अंगावर ओतून घेतात, ओल्या चड्डीनिशी सायकलकडे धावतात, पायांत मोजे-बूट चढवतात, हेल्मेट घालतात आणि गळ्यातलं स्टॉपवॉच दाबून ओरडतात, "दोन-दहा! गेट लागलं!" मग सगळं उतरवून पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी वॉचमनने घाबरून सेक्रेटरींना उठवलं होतं. आता तोच त्यांची बादली भरून ठेवतो.

हे तळमजल्यावरचे गायकवाड काका. विक्रोळीच्या एका कारखान्यात अडतीस वर्षं टाइम ऑफिसला होते. गेटवर बसायचं आणि आत येणाऱ्याच्या कार्डावर वेळ लिहायची, वेळेत आला तर निळ्या शाईने, उशीर झाला तर लाल. रिटायर झाले तरी गेट काही सुटलं नाही. कशालाही उशीर झाला की त्यांच्या भाषेत गेट लागलं. तोंडासमोर लिफ्ट गेली, गेट लागलं. भाजी करपली, गेट लागलं. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या, मुलगी नाशिकला. बोलायला माणूस मिळाला की काका आधी घड्याळ बघतात आणि मग त्याला तासभर सोडत नाहीत.

तरण तलावावर त्यांनी एका स्पर्धेची जाहिरात वाचली. नवशिक्यांसाठी ट्रायथलॉन. चारशे मीटर पोहायचं, लगेच वीस किलोमीटर सायकल, लगेच पाच किलोमीटर धावायचं, सगळं दोन तासांत, तरच मेडल. काकांनी ते ताबडतोब आपल्या भाषेत बसवून घेतलं.

"फर्स्ट शिफ्ट पाणी, सेकंड शिफ्ट सायकल, थर्ड शिफ्ट धावणं. माणूस टाइम खातो कुठे? शिफ्ट बदलताना! अडतीस वर्षं हेच बघितलंय मी." बादलीचा सराव त्यासाठी होता. ओल्या पायांत मोजे सरसर जावेत म्हणून ते आत टाल्कम पावडर टाकत. त्यामुळे आमच्या पार्किंगला कायम न्हाऊ घातलेल्या बाळाचा वास यायचा.

माझा यात संबंध एवढाच की डॉक्टरांनी माझी साखर बघून कपाळाला हात लावला होता आणि त्याच संध्याकाळी लिफ्टपाशी मी काकांना म्हणालो, "मलाही शिकवा ना जरा." लोक असं सहज बोलतात. काकांनी दुसऱ्या दिवशी माझा फॉर्म भरला.

तीन महिने मी रोज साडेपाचला यायचं ठरवून पावणेसहाला आलो. काका घड्याळ बघत, खिशातलं कार्ड काढत, पाठ फिरवून त्यावर काहीतरी लिहीत. काय ते मला माहीत होतं, म्हणून मी कधी विचारलं नाही. ते गावच्या विहिरीत पोहायला शिकलेले, पाण्यात सुसाट. मी तलावाच्या कडेचा पाइप धरून देवाचं नाव घेत असे.

एकदा मी त्यांना विचारलं, "काका, या वयात हे कशाला?"

"मेडल पाहिजे," ते लगेच म्हणाले. "दरवर्षी चांगल्या हजेरीचं बक्षीस द्यायचे कंपनीत. लिस्ट मी बनवायचो. पण टाइम ऑफिसवाल्यांची हजेरी धरायचेच नाहीत त्यात. सगळ्यांची वेळ मी लिहिली रे. माझी कोणीतरी लिहू दे ना एकदा."

स्पर्धेच्या दिवशी आम्ही दोघं एकदमच पाण्यात उतरलो. काका अकरा मिनिटांत बाहेर. मी कधी छातीवर, कधी पाठीवर, तर कधी नुसताच तरंगत सत्तावीस मिनिटांनी कडेला लागलो. शेवटून पहिला. लटपटत सायकलींपाशी गेलो तर सगळा स्टँड रिकामा, फक्त दोन सायकली उभ्या. एक माझी. दुसरीपाशी हेल्मेट, बूट, सगळं घालून गायकवाड काका. अंगावरचं पाणी केव्हाच वाळलं होतं.

"काका! गेला नाहीत तुम्ही?"

"बोलत बसू नकोस. तुझ्या मोज्यात पावडर टाकलीय. चल!"

पुढे सायकलवर ते माझ्या बाजूने राहिले, धावतानाही. मी दहादा म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. काकांना अचानक कमी ऐकू यायला लागलं होतं. दोघंही एकदम पोचलो, दोन तास नऊ मिनिटांनी. मेडलचं टेबल उचललं होतं. एका मुलीने ओशाळून आम्हाला एकेक केळं दिलं. मला इतकी लाज वाटली की ते केळं गिळवेना.

संध्याकाळी माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. टेबलावर कार्डांचा खोका होता. काका चहा टाकायला आत गेले आणि मी कार्डं चाळली. पाटील, शहा, डिसोजा, सोसायटीतल्या चौदा जणांच्या नावाची कार्डं काकांनी, कधीतरी सरावाला येतील म्हणून, करून ठेवली होती. सगळी कोरी. फक्त माझं भरलेलं. पावणेसहा, पाच-पन्नास, एकदा तर सहा-पाच. आणि सगळं निळ्या शाईत.

"काका, हे लाल पाहिजे होतं ना?"

"नवीन माणसाला लाल लावायची नाही," काका कप ठेवत म्हणाले. "लावली की दुसऱ्या दिवशी येत नाही तो."

मी उरलेली कार्डं बाहेर काढली. खोक्याच्या तळाशी त्यांचं स्वतःचं कार्ड होतं. तेही कोरं.

"तुमची वेळ?"

"स्वतःची स्वतः लिहायची नसते."

मी टेबलावरचं पेन उचललं.

"दोन तास नऊ," काका ताठ बसत म्हणाले. "लेट आहे. लाल घे."

मी निळ्याने लिहिलं. काकांनी चष्मा लावला, कार्ड दिव्याखाली धरून बराच वेळ बघितलं.

"चुकीची नोंद आहे," ते म्हणाले.

पण खोडली नाही.