काय खोड हाय गं तुझी?

गेल्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, उपासना संपून चहाचे कप फिरायला लागले होते तेव्हा, अकरा वाजून दहा मिनिटांनी, आमच्या चर्चच्या मंडळीत शांतवनकाकांवर अन्याय झाला. भर सभेत त्यांचं नाव यादीतून खोडलं आणि वर सगळे हसले. वेळ मी वहीत टिपून ठेवली आहे. पत्रकं काढायची सवय लागली की माणूस आधी वेळ लिहितो आणि मग चिडतो.

आता हे काका कोण, ते सांगते.

देवगाव फाट्यावर त्यांची रोपांची नर्सरी आहे. हिरव्या जाळीखाली आंबा, पेरू, सीताफळ आणि मधे एका उलट्या बादलीवर काका. कुणी नवं माणूस आलं की ते नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. मान वर न करता विचारतात, "काय खोड हाय तुझी?"

मलाही विचारलं होतं. फाट्यावर एसटी थांबत नाही म्हणून मी तेव्हा पत्रक वाटत फिरत होते.

"मला काही खोड नाही," मी म्हणाले.

"मग अवघड हाय," काका हळहळले. "खोड असल्याबिगर कलम कुठं बांधायचं?"

त्यांच्या हातात गावरान आंब्याचं बोटभर जाड रोप होतं आणि त्यावर ते केशरची काडी बांधत होते. माणसाची खोड आणि झाडाचं खोड त्यांच्या लेखी एकच. व्याकरणात एक स्त्रीलिंगी आणि दुसरं नपुंसकलिंगी आहे, हे मी त्यांना तिथल्या तिथे ऐकवलं. पुढच्या अर्ध्या तासात माझं एका रिक्षावाल्याशी वाजलं, न थांबणाऱ्या एका एसटीच्या मागे मी ओरडत पळाले आणि परत येऊन पेरूच्या रोपाच्या भावावरून काकांशीच भांडले.

"घावली!" काका हरखून म्हणाले. "भांडण! लय दणकट खोड हाय पोरी. रविवारी उपासनेला ये."

मी जन्मापासून त्याच मंडळीतली, पण त्या रविवारी पहिल्यांदा कुणी बोलावलं म्हणून गेले.

आमचे पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, चार गावं सांभाळतात. महिन्यातून एखाद्या रविवारीच वाट्याला येतात. बाकी सगळा कारभार पंचांचा. बायबलात जसा शब्द आहे तसं या पंचांना आम्ही 'वडील'ही म्हणतो, मग ते वयाने तिशीचे का असेनात. काका स्वतः कधी पंच झाले नाहीत, पण नवे पंच घडवायचे ते त्यांनी, हा रिवाज. त्यांची रीत अशी, की ज्याची जी खोड, त्याला तेच काम.

झरीच्या लीलामावशी लग्नालासुद्धा अक्षता पडल्यावर पोचतात. काकांनी त्यांना घंटा दिली. तीन रविवार मंडळी बाहेर उन्हात ताटकळली, कारण घंटा वाजल्याशिवाय आत जायचं नाही. लोकांनी काकांचा उद्धार केला. चौथ्या रविवारी मावशींनी एवढ्या लवकर घंटा बडवली की दोन माणसं अर्धी दाढी करून पळत आली.

बाबूराव टेम्पोवाले पक्के थापाडे. त्यांना उपासनेनंतरच्या सूचना वाचायला लावलं. काका बाजूला उभे.

"गेल्या रविवारी प्रीतिभोजनाला दोनशे माणूस जेवलं," बाबूराव सांगत.

काका खाकरत.

"म्हणजे शंभर."

पुन्हा खाकरणं.

"साठ. अन् लेकरं धरून साठ. झालं का समाधान?"

आणि मला दिलं दार. येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून 'जय ख्रिस्त' म्हणायचं. "दुसरं वाक्य न्हाई," काकांनी बजावलं. गावात मी ज्यांच्याशी भांडले नाही असा माणूस शोधावा लागेल. ते सगळे त्या दारातून मुद्दाम सावकाश आत जायचे.

मला एकच उत्सुकता लागून राहिली होती. काकांची स्वतःची खोड कोणती? विचारलं की म्हणायचे, "पाणी घालायलोय, दिसंना का?"

मग पंच कुणी घडवायचे याची यादी करायची म्हणून आमच्या चिटणीससाहेबांनी अर्ज काढला. त्यांचं आयुष्य कचेरीत गेलेलं. म्हणाले, पंच घडवणारा आधी स्वतः निर्दोष पाहिजे. अर्जात शेवटचा रकाना होता, 'स्वतःतील उणिवा'. अर्ज चौघांनी भरला. तिघांनी त्या रकान्यात लिहिलं, 'निरंक'. तिघांपैकी एकाची उणीव मी स्वतः पोलीस पाटलांपर्यंत नेली होती, पण ते असो.

काकांनी मात्र खरं लिहिलं. चिटणीससाहेबांनी ते कपाळाला आठ्या घालून मोठ्याने वाचलं, "वडील होता आलं नाही."

मग ते म्हणाले, "बघा! मंडळीचं वडीलपण मिळालं नाही, ही यांची खंत! ही पदाची हाव झाली." आणि त्यांनी पेनाने नावावर रेघ मारली. कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच.

मी दारातून दोन पावलं आत आले. तोंड उघडलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोटाने नुसतं दार दाखवलं. दुसरं वाक्य न्हाई! मी परत जागेवर जाऊन उभी राहिले. आयुष्यात इतकं अवघड काही केलेलं नाही. जाताना चिटणीससाहेबांना 'जय ख्रिस्त'ही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मात्र पत्रक लिहून नर्सरीत गेले. 'निषेध' तीन वेळा, प्रत्येकापुढे उद्गारचिन्ह. काकांना वाचून दाखवलं, "ज्यांना पदाची कधीच हाव नव्हती, त्या शांतवनकाकांचं वाक्य..."

"पोरी, चिटणिसाचा काय दोष न्हाई," काका कलमाला प्लास्टिकची पट्टी गुंडाळत म्हणाले. "मला 'बाप' लिव्हायचं होतं. अर्जात 'बाप' बरं दिसंना, म्हणून 'वडील' लिव्हलं. तिथंच घोटाळा झाला."

मी पत्रक खाली केलं.

"दानी माझा लेक. तरुण संघाचा पुढारी त्यालाच करायचं म्हणत होते समदे. यादी माझ्याकडं. आदल्या दिशी त्याच्या खिशात सिगारेटचं पाकीट घावलं. मी भर सभेत उठलो अन् म्हणलो, ह्यो निर्दोष न्हाई. माझ्या हातानं नाव खोडलं. लोक म्हणले, वा, काय बाप हाय! मलाबी लय बरं वाटलं." पट्टीला त्यांनी गाठ मारली. "सकाळी उठून बघतो तर गेलेला. वीस वर्षाचं पोरगं. त्याला बी मी इचारायला पायजे होतं, काय खोड हाय बाबा तुझी. न्हाई इचारलं."

"आता कुठे आहे?"

"पुण्याकडं. रविवारी उपासना झाल्यावर फोन लावतो. वाजतो. मंजी नंबर चालू हाय, मंजी खुशाल हाय." ते हसले. "उचलत न्हाई. कामात असंल."

मी म्हणाले, हे मंडळीत सांगू या, तुमचं नाव परत यादीत येईल.

"मंडळीत न्हाई सांगायचं. माझ्या नावासाठी दानीचं पाकीट पुन्ना काढायचं व्हय?"

"मग मी लिहू? लांबच्या लोकांसाठी?"

त्यांनी बांधलेलं कलम जाळीखाली रांगेत नेऊन ठेवलं. "लिही. पण नावं बदल. अन् भांडू नको."

म्हणून हे लिहिलं. यादीत काकांचं नाव अजून खोडलेलंच आहे. नवा पंच मीच होणार आहे म्हणे, त्यालाही आता तोच अर्ज, आणि त्यातल्या शेवटच्या रकान्यात काय लिहायचं ते माझं ठरलंय. नावं मात्र बदलली आहेत. शांतवन हे काकांचं खरं नाव नाही, आणि दानी तर मुळीच दानी नाही. तो कोण, हे मला इथून ओळखता येत नाही. तेव्हा ज्याच्या ज्याच्या मोबाईलवर रविवारी बापाचा फोन वाजतो आणि जो तो वाजू देतो, त्या प्रत्येकाने हा मजकूर आपल्यालाच लिहिला आहे असं समजावं.

भांडत नाही. मागणी एकच आहे. येत्या रविवारी फोन उचला.