कलाकार : वरीलप्रमाणे

बायकोच्या वाढदिवसाला यंदा छत्री द्यायची नाही, असं मी ठरवलं आणि तिथंच सगळा घोळ सुरू झाला. गेली तीन वर्षं मी तिला छत्रीच देत होतो. (पहिली तिला आवडली होती. उगाच जोखीम कशाला, म्हणून मी तेच पुढे चालू ठेवलं.) तिसरी छत्री हातात घेताना ती इतक्या प्रेमाने हसली की मला धडकीच भरली.

आमची ही कपडे शिवते. बाहेरच्या खोलीत तिचं मशीन, कोट टांगायचा लोखंडी दांडा आणि इस्त्रीचं टेबल आहे. टेबलाखाली एक लाल अकॉर्डियन असतं. ते तिच्या मामांचं. इस्त्री तापायला जी पाच-सात मिनिटं लागतात, तेवढ्यात ही ते गळ्यात अडकवते आणि वाजवते. कुणाचं ऐकलेलं नव्हे, स्वतःला सुचलेलं. अशा अकरा चाली तिने बांधल्या आहेत आणि त्यांना नावंही दिली आहेत : ‘इस्त्री तापेपर्यंत’, ‘हरवलेलं बटण’, ‘उसवलेली शिवण’, ‘गिऱ्हाईक जाड झालं’ वगैरे.

मला संगीतातलं काही कळत नाही. शाळेत समूहगानाच्या वेळी बाईंनी मला फक्त ओठ हलवायला सांगितले होते. पण हिने ‘उसवलेली शिवण’ वाजवायला घेतली की समोरचा सुतार रंधा खाली ठेवून खिडकीत येतो, आणि दाढी करताना माझा हात गालावरच थांबतो. तोंडावरचा फेस वाळून जातो तरी मला कळत नाही. हे जगाने ऐकायला हवं, असं मला नेहमी वाटायचं. तेव्हा यंदाची भेट हीच : बायकोचं संगीत इंटरनेटवर विकायला ठेवायचं आणि वाढदिवशी सकाळी तिला दाखवायचं.

रेकॉर्डिंगची अडचण नव्हती. लांब राहणाऱ्या बहिणीला पाठवण्यासाठी तिने अकराही चाली फोनवर रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. फोन तिने लोकरी कोटांच्या मधोमध टांगला होता, म्हणजे रस्त्याचा आवाज येत नाही. (ही युक्ती तिला आपणहून सुचली. माझ्या हाती दिलं असतं तर मी सगळ्या गल्लीला गप्प बसवायला निघालो असतो.) मी त्या फाइली गुपचूप माझ्या फोनवर घेतल्या आणि ऑफिसात तज्ज्ञाला गाठलं.

तज्ज्ञ म्हणजे आमचा टायपिस्ट. ऑफिसचा प्रिंटर फक्त त्याचं ऐकतो, म्हणून हे नाव. त्याने मला सविस्तर समजावलं. काही साइटवर लोक नुसते ऐकतात आणि कलाकाराच्या हाती चिमूटभर पडतं. काही साइटवर मात्र आपलं स्वतःचं दुकान मांडता येतं. किमान किंमत आपण ठरवायची, ज्याला जास्त द्यावंसं वाटेल त्याने जास्त द्यायचं, आणि घेणाऱ्याचा पत्ता आपल्याकडे राहतो. त्याने मला असं एक दुकान उघडून दिलं. फॉर्म मात्र मी भरतो म्हणालो. तिथे मला कुणाची मदत लागत नाही. मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या ऑफिसात कारकून आहे. बावीस वर्षं फॉर्मच बघतोय.

पहिला रकाना होता ‘नाव’. मी माझं लिहिलं. अर्ज जो भरतो त्याचं नाव वर येतं, हे आमच्याकडे शिपायालाही ठाऊक असतं. खाली ‘कलाकाराचं नाव’ असा रकाना होता आणि त्याच्या शेजारी एक छोटी चौकट : ‘वरीलप्रमाणे’. आता, ‘वरीलप्रमाणे’ हा शब्द दिसला की माझा हात आपोआप जातो. मी खूण केली. संगीतकार : वरीलप्रमाणे. वादक : वरीलप्रमाणे. शेवटी आणखी एक चौकट होती : हे संगीत दुसऱ्या कुणी इंटरनेटवर कुठेही चढवलं तर ते ओळखून अडवावं का? फुकट होतं. मी तिथेही खूण केली.

पहिले आठ दिवस काही विकलं गेलं नाही. मग तज्ज्ञाने स्वतः ऐकून बघितलं आणि म्हणाला, छान आहे, फार आधुनिक आहे, पण वहिनी वाजवायला कधी सुरुवात करतात? गिऱ्हाइकाला नमुना म्हणून पहिली तीस सेकंदं ऐकू येत होती. त्या तीस सेकंदांत ही आधी खुर्ची ओढते, पट्टे खांद्यावर घेते, खाकरते आणि बाहेरच्या कुणाला तरी ‘ब्लाउज उद्या’ असं सांगते. मग आम्ही नमुना मधल्या भागातून घेतला, आणि तिसऱ्या दिवशी पहिली विक्री झाली. घेणारी बाई कुठल्याशा बंदरावर क्रेन चालवत होती. तिने लिहिलं होतं : ‘उंचावर एकटी बसते तेव्हा तुमची उसवलेली शिवण ऐकते. खाली उतरावंसं वाटत नाही.’

पत्र माझ्या नावाने होतं.

खरं तर त्याच क्षणी चूक माझ्या लक्षात आली. ती दुरुस्त करायला हवी होती. पण वाढदिवसाला बारा दिवस होते, दुरुस्तीचा फॉर्म लांबलचक होता, आणि... आता खरं सांगतो, ते पत्र मी पाच वेळा वाचलं. बावीस वर्षांत मला आलेल्या पत्रांची सुरुवात ‘आपल्या चुकीमुळे’ अशीच होत असे. मी उत्तर लिहिलं : ‘आभारी आहे. सुचत जातं.’

मग पत्रं वाढली. बोटं इतकी चपळ कशी, असं एकाने विचारलं. मी ‘सरावाने’ असं कळवलं. (टायपिंग मी दोन बोटांनी करतो.) शेवटी आमच्याच भागातल्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंचं पत्र आलं. आपल्या वस्तीत एवढा कलावंत राहतो हे त्यांना माहीतच नव्हतं. येत्या शनिवारी दुपारी वाचनालयाच्या हॉलमध्ये मी वाजवेन का? शनिवार म्हणजे वाढदिवसानंतरचा पाचवा दिवस. मला वाटलं, हीच तर खरी भेट. आयत्या वेळी बायकोला पुढे करू, सगळे चकित होतील. मी होकार कळवला. त्यांनी माझा फोटो मागितला, तोही मी पाठवला.

वाढदिवसाच्या सकाळी मी चहा घेऊन बाहेरच्या खोलीत जाणार, तेवढ्यात आतून हाक आली. हिने गिऱ्हाइकांसाठी ‘हरवलेलं बटण’ आपल्या शिवणकामाच्या पानावर टाकायचं ठरवलं होतं आणि ते काही केल्या चढत नव्हतं.

“अहो, जरा इकडे या,” ती म्हणाली. “माझं संगीत तुमचं आहे, असं हा फोन म्हणतोय.”

मी चष्मा लावून वाचलं. या संगीताचे हक्क दुसऱ्या व्यक्तीकडे आहेत, असं तिथे लिहिलं होतं, आणि पुढे त्या दुसऱ्या व्यक्तीचं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट. पुन्हा असा प्रयत्न केल्यास तुमचं पान बंद करण्यात येईल, अशी तळाला ताकीद होती.

मी ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ म्हणालो. त्या क्षणाला ते शोभून दिसलं नाही.

मग मी सगळं सांगितलं. छत्रीपासून सांगितलं. तिने माझा फोन घेतला, इस्त्री बंद केली आणि सगळी पत्रं एकेक करून वाचली. क्रेनवाल्या बाईचं वाचताना तिचे डोळे भरून आले. मला जरा धीर आला. मग ती त्याखालच्या माझ्या उत्तरापाशी पोचली.

“सुचत जातं?” तिने विचारलं.

 ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त एवढंच सांगितलं की, त्या चालीसाठी तिला सात महिने लागले होते. मधला भाग जमत नव्हता म्हणून दोनदा ती सगळी टाकून दिली होती, आणि हे कुणाला कधी सांगावं लागेल असं तिला वाटलं नव्हतं. मी शनिवारचा कार्यक्रम रद्द करतो म्हणालो. त्यावर ती सुईत दोरा ओवत म्हणाली, “कशाला? बोलावलंय तुम्हाला. तुम्ही जा. मी ऐकायला येईन.”

पुढचे चार दिवस ती अगदी नेहमीसारखी वागली, आणि तेच जास्त वाईट होतं. हातात सतत काहीतरी बारीक शिवण. मी समोर गेलो की ते मांडीखाली जायचं. मी वाचनालयात जाऊन काही करता येतं का बघितलं, पण ग्रंथपालबाईंनी शाळेतून साठ खुर्च्या मागवल्या होत्या आणि दारावर माझा फोटो लावला होता. ओळखपत्रावरचा फोटो, नेहमीइतकाच घाबरलेला. त्यांनी माझा हात हातात घेऊन, बोटांची काळजी घ्या, असं सांगितलं. मी ‘घेतो’ म्हणालो आणि परत आलो.

शनिवारी मी ते अकरा किलोचं अकॉर्डियन पाठीवर घेऊन हॉलमध्ये पोचलो. साठही खुर्च्या भरल्या होत्या. पुढच्या रांगेत सुतार, त्याच्या मागे तज्ज्ञ, आणि शेवटच्या रांगेत दाराजवळ ही, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. ग्रंथपालबाईंनी माझी इतकी स्तुती केली की, हा माणूस कोण असेल याची मलाही उत्सुकता वाटू लागली. टाळ्या झाल्या. मी अकॉर्डियन गळ्यात अडकवलं. सुताराने जागेवरूनच खूण केली की ते उलटं आहे.

मग मी बोललो. कसं बोललो ते आठवत नाही, पण पहिलं वाक्य होतं, “मी कारकून आहे.” पुढे म्हणालो की यातला एकही सूर माझा नाही, सगळे माझ्या बायकोचे आहेत, मी फॉर्म भरताना चूक केली, आणि नंतर लोकांची पत्रं आली ती गोड लागली म्हणून गप्प बसलो, ही त्याहून मोठी चूक होती. ती शेवटच्या रांगेत बसली आहे. तिने वाजवलं तर तुमचं नशीब, नाही वाजवलं तर तो माझा दोष.

 मग कुणीतरी हसलं, आणि पाठोपाठ सगळेच हसून टाळ्या वाजवायला लागले. हा कार्यक्रमाचाच भाग आहे असं त्यांना वाटलं होतं. ग्रंथपालबाई तर डोळे पुसत होत्या. मी पुन्हा पुन्हा सांगत होतो की हे खरं आहे, आणि लोक पुन्हा पुन्हा हसत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्याला लोक हसले, तेही मी कबुलीजबाब देत असताना.

तेव्हा ही उठली. मधल्या वाटेने चालत आली, माझ्या खांद्यावरचे पट्टे काढले आणि अकॉर्डियन सुलटं करून स्वतःच्या गळ्यात घेतलं. सगळं अगदी गिऱ्हाइकाचा कोट उतरवून घ्यावा तसं. मला हळूच म्हणाली, “बसा आता. पाणी प्या.”

आणि तिने ‘उसवलेली शिवण’ सुरू केली.

ती चाल मी शंभरदा ऐकली असेल, पण नेहमी भिंतीपलीकडून, तोंडाला फेस लावून. समोर बसून कधीच ऐकली नव्हती. भाता उघडताना ती डोळे किंचित मिटते, हे मला माहीत नव्हतं. मधल्या भागात सूर एकेक करून सुटत जातात, आता हातात काही उरणार नाही असं वाटतं, आणि मग डाव्या हाताची बोटं खालून हळूहळू ते सगळं पुन्हा सांधत वर आणतात. सात महिने तिथेच गेले असणार. सुतार मान खाली घालून बसला होता. तज्ज्ञाच्या हातात फोन नव्हता. चाल संपल्यावर मी टाळी वाजवायला घाई केली नाही. एवढं तरी त्या दुपारी मला जमलं.

तिने अकराही चाली वाजवल्या. प्रत्येकीच्या आधी दोन वाक्यं सांगितली. ‘गिऱ्हाईक जाड झालं’ला ते गिऱ्हाईक स्वतः हजर होतं आणि सगळ्यात मोठ्याने हसलं. शेवटी तिने ती कापडी पिशवी उघडली. आत कोटाच्या उरलेल्या कापडाचे हाताएवढे चौकोन होते, कडा दुमडून शिवलेले. प्रत्येकावर कॉलरला लावतात तशी पट्टी, पट्टीवर इंटरनेटवरच्या दुकानाचा पत्ता, तिथून चाली फोनवर उतरवून घ्यायचा गुप्त नंबर, आणि तिचं नाव. चार दिवस ती हेच शिवत होती. दुकानाचा पासवर्ड तिला मी सांगितला नव्हता. (तो माझ्या जन्मतारखेचा आहे, हे तिने एका मिनिटात ओळखलं होतं.) अर्ध्या तासात एकही चौकोन विकायचा उरला नाही, आणि ग्रंथपालबाईंनी पुढच्या महिन्याची तारीख मागितली. या वेळी योग्य व्यक्तीकडे.

आता दुकान तीच चालवते. एक चाल तिने फुकट ठेवली आहे, म्हणजे नव्या माणसाला आत यावंसं वाटतं. नवीन काही बांधलं की घेणाऱ्या प्रत्येकाला दोन ओळी लिहिते. क्रेनवाल्या बाईला तिने पहिल्याच दिवशी खरं काय ते कळवलं. तिचं उत्तर आलं की, ‘सुचत जातं’ हे वाचूनच आपल्याला शंका आली होती.

नाव दुरुस्त करायचा फॉर्मही तिनेच भरला. मी शेजारी उभा होतो, अनुभवी माणूस म्हणून. कलाकार, संगीतकार, वादक सगळीकडे तिने आपलं नाव व्यवस्थित लिहिलं. शेवटी मूळ अर्जदाराचा, म्हणजे माझा, या संगीतात नेमका सहभाग काय, असा रकाना होता. तिने यादी उघडली. गायक, गीतकार, निर्माता, ध्वनिमुद्रक... ‘निर्माता’वर ती जरा थांबली तशी मी सहज खाकरलो. मग तिने यादी शेवटपर्यंत खाली नेली आणि ‘लागू नाही’ निवडलं.

फॉर्म अगदी बिनचूक होता, हे मला मान्य करावं लागलं. आमच्या ऑफिसात हा शेरा आम्ही मयताच्या ‘सध्याचा व्यवसाय’ या रकान्यात मारतो.